गॅलरीतला सिग्नल

त्या दिवशी सकाळी शिट्टीकाकांनी एक साधा निर्णय घेतला. आज कशातही लुडबूड करायची नाही. दिवसभर घरात बसायचं, गॅलरीतून खाली डोकावायचं नाही, कुणाला काही शिकवायचं नाही आणि शिट्टी खिळ्यावरून काढायचीसुद्धा नाही. एवढ्यासाठी त्यांनी ऑफिसातून चक्क रजा टाकली होती. (स्वस्थ बसायला माणूस रजा कशाला घेतो, असं तुम्ही विचाराल. ऑफिसातही ते स्वस्थच बसायचे, हे खरं. पण ऑफिसचा रस्ता घराखालच्या कोपऱ्यावरून जायचा, आणि तो कोपरा दिसला की काकांचा स्वतःवर ताबा राहत नसे.)

निर्णय काकांनी घेतला असं म्हणायचं एवढंच. तो खरा काकूंचा होता.

काका पाणीपुरवठा खात्यात कारकून. आजवरचं सगळं आयुष्य त्यांनी 'आपला अर्ज पुढे पाठवला आहे' असं सांगण्यात घालवलं होतं. त्यांचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. अशात पोलीस चौकीच्या बाईंनी 'रस्तामित्र' नावाची योजना काढली. नागरिक आणि शाळेतली मुलं पोलिसांच्या जोडीनं रस्त्यावर उभी राहणार, लोकांना नियम समजावून सांगणार. दंड नाही, दमदाटी नाही, सगळं गोडीगुलाबीनं. बाईंनी सभेत विचारलं, "कोण येतंय पुढे?" काका मागच्या रांगेतून इतक्या जोरात उठले की खुर्चीच उलटी झाली. त्यांना एक चकाकतं जाकीट मिळालं, एक शिट्टी मिळाली, आणि पहिल्याच सकाळी त्यांनी हात वर केल्यावर एक भला थोरला ट्रक थांबला. झालं! त्या ट्रकनं काकांचं वाटोळं केलं. आपण हात वर केला की जग थांबतं, हे माणसाला एकदा कळलं की मग त्याच्या घरच्यांचे हाल कुत्रा खात नाही.

घरात चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येणाऱ्या काकूंना ते म्हणायचे, "आधी दोन्हीकडे बघ!"

काकू वाचनालयात कामाला होत्या. वाचनालयानं लांबच्या वस्त्यांत पुस्तकं पोचवायला एक छोटी व्हॅन घेतली होती, आणि ज्याच्याकडे लायसन्स, त्याच्याकडे व्हॅन, असं ठरलं होतं. काकूंना ती व्हॅन हवी होती. नुसती हवी नव्हती, रात्री झोपेत त्यांचा पाय क्लच दाबायचा. गाडी त्या छान चालवायच्या. शिकवणारा मास्तरच म्हणायचा, "ताई, तुमच्या शेजारी मी झोपतो, म्हणजे बघा." तरी त्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं. नवरा!

पहिल्यांदा काका फुटपाथवर उभे राहून हातवारे करत होते. मागे घे, वळव, आरसा बघ. परीक्षकानं काकूंना उतरवलं आणि सांगितलं, "बाहेरून मदत घेतलेली चालत नाही." दुसऱ्यांदा काका शहाण्यासारखे कार्यालयाच्या बाकावर बसून राहिले. फक्त परीक्षक आल्यावर त्यांनी त्याला नम्रपणे दाखवून दिलं की त्यानं स्वतःची गाडी चुकीच्या जागी उभी केली आहे. काकूंची परीक्षा त्या दिवशी गाडी सुरू व्हायच्या आधीच संपली.

आता तिसरी खेप. परीक्षक नवीन होता, हीच काय ती देवाची कृपा.

"अहो, इकडे बघा," बुटाची नाडी बांधता बांधता काकू म्हणाल्या. "आज परीक्षेची गाडी आपल्या कोपऱ्यावरून नेणार आहेत. शाळेपाशी कशी चालवते ते बघतात. तेव्हा तुम्ही मला दिसता कामा नये."

"गॅलरीत उभा राहिलो तर?"

"नाही."

"पडद्याआडून?"

"अहो!"

"बरं, नुसतं मनातल्या मनात सांगितलं तर? म्हणजे वळताना..."

"मनातसुद्धा नाही!" काकूंचा आवाज एकदम ओला झाला. "या वेळी गेलं ना, तर व्हॅन शेजारच्या टेबलावरच्याला मिळेल. त्याला पुस्तक कुठून उघडतात ते माहीत नाही, पण लायसन्स आहे. आणि मी जन्मभर शिक्के मारत बसेन. माझ्यासाठी एवढं एकच करा. काहीही करू नका."

काकांना मनापासून लाज वाटली. चांगली, खरीखुरी लाज. "तुझी शपथ," ते म्हणाले, "मी आज घरातून हलत नाही." काकू गेल्या. त्याआधीच लेक शाळेला गेली होती. ती सातवीत, आणि शाळेच्या रस्तादलाची कप्तान. शाळा भरायच्या वेळी हे दल कोपऱ्यावर दोरी धरून उभं राहायचं आणि लहान मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं.

काका घरात एकटे राहिले. पेपर वाचून झाला. पेपरातल्या जाहिराती वाचून झाल्या. हात शिवशिवायला लागले. आणि मग त्यांची नजर गॅलरीतल्या त्या चादरीकडे गेली.

चादरीखाली सिग्नल होता.

खोटा नव्हे, बरं का. चौकीच्या बाईंनी मोडीत निघालेला एक खराखुरा सिग्नल मिळवून सुताराकडून स्टँडवर बसवून घेतला होता, शाळांमधून दाखवायला. चौकीला रंग द्यायचं काम निघालं, तेव्हा तो कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. काका अर्थातच म्हणाले, "माझ्याकडे!" घरात जागा नव्हती म्हणून काकूंनी तो गॅलरीत काढला. आता उद्या काकांना तो एका शाळेत न्यायचा होता. दिवे लागतात की नाही, एवढं बघायला काय हरकत आहे? घराबाहेर जायचं नव्हतं. कुणाला शिकवायचं नव्हतं. ही काही लुडबूड नव्हे. (काकांची प्रत्येक लुडबूड 'ही काही लुडबूड नव्हे' याच वाक्यानं सुरू व्हायची.)

त्यांनी चादर काढली. वायर आखूड होती, म्हणून सिग्नल थोडा फिरवून घ्यावा लागला, तेव्हा कुठे प्लग पोचला. त्यामुळे सिग्नलचं तोंड रस्त्याकडे झालं, हे काकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, पण त्याचं काही वाटलं नाही. बटण दाबताच लाल दिवा असा काही लखलखला की काकांना भरून आलं. इलेक्ट्रिशियननं सांगितलं होतं, बरेच दिवस बंद असलेला दिवा थोडा वेळ चालू ठेवून बघा, लुकलुकतो का ते. "तापू दे जरा," असं म्हणून काका दिवा तसाच ठेवून आंघोळीला गेले.

आता हे घर होतं कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर. खाली चष्म्याचं दुकान. या कोपऱ्याला सिग्नल पाहिजे म्हणून वस्तीनं किती दिवस बोंब मारली होती. मागच्याच सभेत बाई म्हणाल्या होत्या, "मंजूर झालाय, आता कधीही लागेल," आणि ही बातमी दारोदार जाऊन कुणी पोचवली होती? शिट्टीकाकांनी! तेव्हा त्या सकाळी पावाच्या गाडीवाल्यानं वर लाल दिवा पाहिला आणि करकचून ब्रेक दाबला, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? तो मागच्या रिक्षावाल्याला एवढंच म्हणाला, "लागला बाबा एकदाचा."

"पण घरावर?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"खांबाला जागा मिळाली नसेल."

रस्तादलातल्या मुलांनीही वर पाहिलं. ही आपलीच गॅलरी, हे कप्तानाला कळणार नाही का? कळलं. पण तिला आणखी एक गोष्ट माहीत होती. काका शाळेत शिकवायला जायचे तेव्हा स्वतः बेशिस्त माणसाचं काम करून दाखवायचे. आरडाओरडा करायचे, "मला घाई आहे, सोडा मला, मी कोण आहे माहीत आहे का?" असं ओरडून मुलांच्या अंगावर जायचे, आणि मुलांनी तसूभर हलायचं नाही, हसतमुखानं 'काका, लाल आहे' एवढंच म्हणायचं, असा तो खेळ होता. शेवटी ते प्रत्येक वेळी बजावायचे, "एखाद्या दिवशी मी तुमची अचानक परीक्षा घेणार आहे. खऱ्या रस्त्यावर!"

लेकीनं दलाकडे पाहिलं. "आज आहे," ती म्हणाली. दोरी ताणली गेली.

काकांची आंघोळ मोठी असायची, कारण ते बाथरूममध्ये भाषणाचा सराव करायचे. एवढ्या वेळात खाली रस्ता तुंबला. चारही बाजूंनी तुंबला, कारण ज्यांना कोपऱ्यावरचा लाल दिवा दिसला ते थांबले, आणि ज्यांना दिसला नाही ते बाकीचे थांबले म्हणून थांबले. आणि एक हॉर्न वाजला नाही! शाळेपाशी हॉर्न वाजवू नका, हे काकांनी महिनोन् महिने लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ते त्या दिवशी लोकांनी ऐकलं. एरवी काकांना पाण्याच्या आवाजातही कळलं असतं की खाली काहीतरी घोळ झाला आहे. त्या दिवशी त्यांनी डोकं पुसत खिडकीतून सहज पाहिलं आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. गाड्या, सायकली, हातगाड्या, सगळं जागच्या जागी, आणि सगळी माणसं देवळात उभी असल्यासारखी गप्प.

काकूंची परीक्षा! गाडी आता येईल आणि या खोळंब्यात अडकेल!

शपथ? कसली शपथ? बायकोवर संकट आलं असताना शपथा पाळत बसायचं? काकांनी बनियनवरच जाकीट चढवलं, खिळ्यावरची शिट्टी गळ्यात अडकवली, दारात पाय घातले ते मिळेल त्या चपलेत, आणि ते जिना उतरून धावले. मागे दार खाडकन बंद झालं. किल्ली आत.

"काय चाललंय हे!" रस्त्यात उभे राहून ते गरजले. "हलवा गाड्या! कुणी थांबवलंय तुम्हाला?"

मुलांचे चेहरे फुलले.

"सोडा दोरी!" काका मुलांवर ओरडले.

"काका, लाल आहे," मुलं एका सुरात म्हणाली.

"कसला लाल? इथे कुठाय सिग्नल? मी सांगतोय ना, सोडा!"

"काका, लाल आहे."

"अरे, मी कोण आहे माहीत आहे का?" हे तोंडातून गेलं आणि काकांना आठवलं, की खेळातलंसुद्धा हेच वाक्य होतं. एक चिमुरडी शेजारणीला कुजबुजली, "आज काका किती खरंखुरं चिडतायत गं!"

मुलांशी बोलण्यात अर्थ नव्हता. काकांनी मोर्चा एका बाजूच्या रांगेतल्या पहिल्या गाडीकडे वळवला. झेब्रा पट्ट्यांच्या मागे एक छोटी गाडी अगदी नेमकी उभी होती. काकांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली आणि दोन्ही हातांनी 'या, या, पुढे या' अशी खूण केली. गाडी हलली नाही. त्यांनी पुन्हा फुंकली. मग ते तरातरा खिडकीपाशी गेले, आणि त्यांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली.

आत काकू होत्या. शेजारी एक किडकिडीत गृहस्थ, मांडीवर हात ठेवून, समोर बघत. नवीन परीक्षक.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काकांनी तो आनंदानं झेलला असता. पण त्यात राग नव्हता. त्या नजरेत नुसतं 'तुम्ही?' एवढंच होतं, आणि ते पाहून काकांना वाटलं की भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर फार बरं होईल. तेवढ्यात काकूंची नजर वर गेली. काकांचीही तिच्या मागोमाग वर गेली. आपली गॅलरी. आपल्या गॅलरीतला लाल दिवा. लुकलुकत नव्हता. उत्तम चालला होता.

"हं," परीक्षक काकूंना म्हणाला. "समोर लाल दिवा आहे. हा माणूस म्हणतोय पुढे या. काय कराल?"

काकू समोर बघून म्हणाल्या, "पोलिसानं हातानं खूण केली तर ती दिव्याच्या वरची. पण हा पोलीस नाही."

"कशावरून? जाकीट आहे, शिट्टी आहे."

"पायांकडे बघा ना, साहेब," काकू म्हणाल्या. "बायकी चपला आहेत."

परीक्षकानं वाकून पाहिलं. काकांनीही पाहिलं. जांभळ्या पट्ट्याच्या, वर फुलं असलेल्या चपला. (काकूंच्याच. गेल्या वाढदिवसाला काकांनीच आणलेल्या.) त्यांनी एक पाय दुसऱ्यामागे लपवायचा प्रयत्न केला. त्यामुळे एवढंच झालं, की तोल गेला आणि त्यांना गाडीचा आरसा धरावा लागला.

"तुमच्या ओळखीचा आहे का हा?" परीक्षकाचा आवाज एकदम कोरडा झाला. "नाही, विचारून ठेवतो. नातेवाईक मदतीला येऊन उभे राहतात. तसं काही असेल तर परीक्षा इथेच थांबवावी लागते."

इतके दिवस काकांना नेहमी वाटायचं, की बायको आपलं नाव सगळीकडे अभिमानानं सांगते. त्या क्षणी ते देवाची करुणा भाकत होते, की हिला आपलं नाव आठवू नये.

"नाही," काकू म्हणाल्या. "मी ओळखत नाही यांना."

काकांना हायसं वाटलं. आणि त्याच वेळी मनाला लागलंही. इतक्या वर्षांचा संसार, आणि 'ओळखत नाही' म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. पण बरोबरच होतं तिचं. दोनदा ओळख दाखवून काय मिळालं होतं तिला?

"बाबा!" मागून हाक आली. लेक धावत येत होती, कप्तानाचा पट्टा सावरत. "बाबा, झाली का परीक्षा?"

परीक्षकानं मान वळवली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोण बाबा?" ते ओरडले. "कुणाचे बाबा? मी कुणाचा बाबा नाही! मी इथे कुणाचाच कुणी नाही!"

लेक थबकली. क्षणभर तिचा चेहरा असा पडला, की काकांना रस्त्यातच रडू फुटलं असतं. मग तिनं गाडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, शेजारच्या साहेबांकडे पाहिलं. काय समजायचं ते समजली असावी. पोरगी आईवर गेली होती. तिनं छाती पुढे काढली आणि म्हणाली, "मग मागे व्हा, काका. लाल आहे. रस्त्यात उभं राहायचं नसतं." असं म्हणून तिनं जन्मदात्या बापाला दंडाला धरून फुटपाथवर नेऊन उभं केलं.

दिवा बंद करायला हवा होता, आणि किल्ली घरात होती. चष्मेवाले दुकानाच्या पायरीवर उभे राहून मजा बघत होते. इमारतीचं मेन स्विच त्यांच्या दुकानामागच्या बोळात होतं. काका त्यांच्याकडे धावले.

"मेन स्विच खाली ओढा! लवकर!"

"छे हो," चष्मेवाले म्हणाले. "सरकारी सिग्नल असा कसा बंद करू? उद्या माझ्यावर आलं म्हणजे?"

"सरकारी नाही हो तो!"

"तुम्हीच तर सांगत होतात, लागणार म्हणून."

"अहो, तो माझा आहे!" काका जिवाच्या आकांतानं ओरडले. "मी लावलाय तो! माझ्या गॅलरीत! चुकून!"

रस्त्यावर आधीच शांतता होती. आता ती इतकी वाढली, की पावाच्या गाडीवाल्याचा सुस्कारा सगळ्यांना ऐकू गेला. मग सगळी मुंडकी वर गॅलरीकडे वळली, तिथून खाली काकांकडे आली, काकांच्या चपलांवर येऊन थांबली. रिक्षावाला, भाजीवाली, दोन सायकलवाले, शाळेच्या बाई. यांतल्या प्रत्येकाला काकांनी कधी ना कधी नियम शिकवला होता. तोंड लपवावं म्हटलं तर जाकीट अंधारातही चकाकणारं.

"असं होय!" चष्मेवाले म्हणाले. "अहो, पण मग त्या पहिल्या गाडीत तर तुमच्या..."

काकांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मग दोन्ही हात जोडले. चष्मेवाल्यांनी काकांकडे पाहिलं, गाडीच्या छपरावरच्या शिकाऊ पाटीकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात सगळं आलं. काकूंची तिसरी खेप अख्ख्या वस्तीला माहीत होती. त्यांनी रिक्षावाल्याकडे पाहून मान हलवली. रिक्षावाल्यानं भाजीवालीला डोळ्यानं खुणावलं. भाजीवाली गाडीला अगदी खेटून उभी होती आणि एरवी काकूंना पाहिलं की अर्धा रस्ता ऐकेल अशी हाक मारायची. तिनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली. एकजात सगळ्यांनी मूग गिळले. इतक्या सभा घेऊन, इतकी भाषणं करून नागरिकांचं जे सहकार्य मिळालं नव्हतं, ते त्या दिवशी मिळालं. ते काकांसाठी नव्हतं, काकूंसाठी होतं, हे काकांना न सांगता कळलं.

खट् आवाज झाला. दिवा विझला.

तेवढ्यात चौकीच्या बाई पायीच आल्या. गाडीनं येणं शक्यच नव्हतं. त्यांनी रस्ता पाहिला, गॅलरी पाहिली, काका पाहिले. एकच प्रश्न विचारला, तोही हळू आवाजात: "त्या पुढच्या शिकाऊ गाडीत कोण आहे?"

"बाई, तिची परीक्षा..." काकांनी गाडीकडे बोट दाखवलं.

बाई पट्ट्यांपाशी गेल्या. मुलं रस्त्यातून मागे झाली, दोरी खाली आली. बाईंनी एक हात आडवा केला, दुसऱ्यानं काकूंना खूण केली. आणि काकूंची गाडी निघाली. हिसका नाही, धक्का नाही, आधी आरशात नजर, मग दिव्याची उघडझाप, आणि पाण्यावरून जावी तशी ती कोपऱ्यावरून वळून गेली. काका बघत राहिले. कुणाच्या हातवाऱ्यांवाचून, कुणी न सांगता वळली. आपण नसलो की ती इतकी सुरेख चालवते! ऊर भरून आला, आणि लाजेनं मान खाली गेली, दोन्ही एकदमच.

"आता तुमचं बघू," बाई म्हणाल्या.

दंड नाही, दमदाटी नाही. योजनेत एकच शिक्षा होती. चुकणाऱ्यानं शाळा भरेपर्यंत मुलांच्या शेजारी पाटी धरून उभं राहायचं. पाटीवरचा मजकूर काकांनीच सुचवला होता, कारण बाईंनी सुचवलेला त्यांना फार मऊ वाटला होता. 'माझ्या मूर्खपणामुळे इतरांचा खोळंबा झाला.' काका ती पाटी धरून उभे राहिले. गाड्या एकेक करत पुढून गेल्या. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. पावाच्या गाडीवाल्यानं तर जाताना अदबीनं नमस्कार केला.

"बाबा," लेक हळूच शेजारी येऊन म्हणाली, "ही खरी परीक्षा नव्हती ना?"

"नव्हती गं."

मग तिनं पाटीचं एक टोक धरलं. "जड आहे," ती म्हणाली.

दुपारी काकू घरी आल्या तेव्हा काका कुलूपवाल्याकडून दार उघडून घेऊन, आतल्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसले होते. सिग्नलवर चादर होती. तिच्यावर आणखी एक चादर होती.

काकूंनी पर्स ठेवली. पाणी प्यायल्या. काकांचा जीव टांगणीला लागला होता, पण विचारायचं धाडस होत नव्हतं.

"पास," काकू म्हणाल्या.

काका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. त्यांना हसू येत होतं आणि डोळे पुसावे लागत होते. "व्हॅन?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून माझ्याकडे. साहेब म्हणाले, समोर एवढा तमाशा चालला असताना स्टिअरिंगवरचा हात हलला नाही, अशी परीक्षार्थी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. सवय आहे का, असं विचारत होते."

"म्हणजे," काका जरा सावरले, खरं सांगायचं तर जरा फुगलेच, "म्हणजे एका परीनं माझी मदतच झाली म्हणायची."

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका पुन्हा बसले.

"एक विचारू?" थोड्या वेळानं ते पडेल आवाजात म्हणाले. "ओळखत नाही म्हणालीस, ते ठीकच. म्हणायलाच हवं होतं. पण पुढे काही विषय निघाला का माझा?"

"निघाला ना. सही करताना साहेब म्हणाले, 'त्या चपलावाल्याच्या बायकोची मला फार कीव येते हो.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार?" काकू बूट काढता काढता म्हणाल्या. "म्हटलं, मलासुद्धा."